वालाच्या डब्यातली उत्तरं

पनवेलात नव्वदच्या आसपास मला बरेच जण 'गणितवाल्या काकू' म्हणायचे. ही पदवी मला कुणी दिली नव्हती, मीच ती हळूहळू पसरवली होती. झालं होतं एवढंच, की वडाळे तळ्याजवळच्या आमच्या महिला मंडळाच्या हॉलमध्ये मुलांच्या पुस्तकांचं एक लोखंडी कपाट होतं आणि हॉलच्या सगळ्यात जवळ मी राहत होते. म्हणून किल्ली माझ्याकडे. किल्ली कमरेला लागली की माणसाला वाटायला लागतं, कपाटातलं सगळं आपल्याला येतं.

कपाटात गोष्टींची पुस्तकं पुष्कळ होती, पण माझा जीव गणिताच्या एका खणात. गोष्टीच्या पुस्तकावर कुणीही उठून मत देतं. गणिताच्या पुस्तकासमोर मात्र भल्याभल्या बायका पदर सावरून गप्प बसतात. मला तशीच माणसं समोर हवी असायची.

तो खण मी वयाप्रमाणे लावला. घोटीव कागदाच्या रंगीत पट्ट्या कापल्या, खळ केली आणि पुस्तकांच्या पाठीवर चिकटवल्या. पिवळी पट्टी पाच ते सात वर्षांची, म्हणजे अंकलिप्या आणि फुलपाखरं मोजायची पुस्तकं. हिरवी आठ ते दहाची, त्यात आगपेटीच्या काड्यांचे खेळ. निळी अकरा ते तेराची, ती कोड्यांची. लाल पट्टी चौदाच्या पुढे. लाल पट्टीच्या पुस्तकांत त्रिकोण फार होते, याहून जास्त मला त्यांच्याबद्दल सांगता आलं नसतं. एका वर्षाचाही फरक मी खपवून घेत नसे. नऊ वर्षांच्या एका मुलीने निळ्या पट्टीला हात लावला, तर मी तिला म्हणाले, "बाळ, हे तुझं दोन वर्षांनी." जसं काही खोकल्याचं औषधच वाटत होते. ती मुलगी निमूट मागे सरकली आणि दोन वर्षांनीच काय, पुन्हा कधीच आली नाही. मी वहीत तिच्या नावापुढे 'आवड नाही' असा शेरा मारला.

आता तुम्ही विचाराल, ती पुस्तकं मी वाचली होती का? छे! मी त्यांना कव्हरं घातली होती. खाकी कागद, कोपरे दुमडून, कडा नखाने दाबून. पुस्तकाला कव्हर घालणं आणि पुस्तक वाचणं यात मला तेव्हा फारसा फरक वाटत नसे.

अगदीच ठोंब होते असंही नाही. पाढे मला तीसपर्यंत खडाखड येत. पावकी, निमकी, पाऊणकी तर येतच, पण साडेतीनचा पाढा, औटकी, तीही मी म्हणून दाखवत असे. पाहुणे आले की हमखास. चहा निवायचा, पण औटकी पूर्ण व्हायची. पुढचं मात्र अंधारात होतं. आमच्या शाळेत मुलींसाठी एक सोय होती. बीजगणित-भूमिती नको असेल तर नुसतं अंकगणित घ्या आणि जोडीला शरीरशास्त्र. मास्तरांनी विचारलं, तेव्हा आमच्या अख्ख्या बाकाने हात वर केला, म्हणून मीही केला. त्यामुळे क्ष या अक्षराशी माझी ओळख क्षयरोगापुरतीच. ही गोष्ट मी घरात कुणालाही सांगितलेली नव्हती, नवऱ्यालासुद्धा नाही. माझी नात हे ऐकून विचारते, "आजी, तू इतकी भामटी होतीस?" होते. अजूनही आहे, फक्त आता ते उघड आहे.

मला मुलगी एकच. तिची वाढ मी उंचीने मोजली नाही, पट्ट्यांनी मोजली. पाच वर्षांची असताना ती अंकलिपी उलटी धरून पाढे वाचायची. आठव्या वर्षी आमच्या घरातली आगपेटी कधी भरलेली राहिली नाही. काड्या सगळ्या फरशीवर, त्रिकोण-चौकोनांत. अकराव्या वर्षी तिने निळ्या पट्टीतलं एक बारकं, पिवळट पानांचं कोड्यांचं पुस्तक घरी आणलं ते परतच केलं नाही. किल्ली घरातच होती, कोण विचारणार? जेवताना ते पुस्तक आमटीच्या वाटीला टेकलेलं असायचं. त्यात एक गोगलगाय होती. दिवसा विहिरीच्या भिंतीवर थोडी वर चढायची, रात्री थोडी खाली घसरायची. विहिरीबाहेर यायला तिला किती दिवस लागतील? मी पटकन भागाकार करून उत्तर सांगितलं. मुलगी म्हणाली, "चूक. शेवटच्या दिवशी ती काठावर पोचली, की मग कशाला घसरेल? ती जाईल ना निघून!" आणि स्वतःवरच खूश होऊन टाळ्या पिटल्या. मी म्हटलं, "जेव आधी."

ह्याच मुलीवर पुढे माझ्यामुळे गणितातून उठायची वेळ आली. कशी, ते सांगते.

दर जूनला ती एक इयत्ता वर चढे आणि तिच्याबरोबर माझी धास्तीही. सातवीपर्यंत मी ताठ बसून तिच्या वह्या तपासल्या. आठवीत क्ष येणार होता. सातवीची परीक्षा झाली त्या मे महिन्यात मी ठरवलं, शत्रू दारात यायच्या आधी तयारी करायची. शेजारची मुलगी नुकतीच आठवी पास झाली होती. तिच्याकडून गणिताचं मार्गदर्शक मागून आणलं. पुस्तक कोरं करकरीत होतं. वर्षभरात तिने ते उघडलंही नव्हतं. यावरून मला काही कळायला हवं होतं, पण नाही कळलं.

घरी आल्या आल्या मी ब्लेडने मागची उत्तरांची पानं कापून काढली आणि सुईदोऱ्याने शिवून त्यांची एक छोटी चोपडी केली. नवरा तळोज्याच्या कारखान्यातून नुकताच आला होता. बूट काढता काढता म्हणाला, "हे काय चाललंय?"

"उत्तरं समोर असली की मुलं चोरून बघतात."

"आणि तुला?"

"मला कशाला लागतात उत्तरं?"

चोपडी ठेवली कडव्या वालांच्या डब्यात. आमच्या घरी वाल भिजत घालणं, मोड आणणं, सोलणं हे सगळं माझ्याकडे होतं. त्या डब्याला बाकी कुणी हात लावणं शक्यच नव्हतं. डब्याचा तळ गंजला होता. पुस्तकातून एक सुटा, बारीक अक्षरांचा कागद खाली पडला होता. जाहिरात असेल म्हणून न वाचताच घडी घालून तो तळाला अंथरला. वर वाल, वालांवर चोपडी. किती नीटनेटकी होते मी!

मग आमची शाळा सुरू झाली. दुपारी मुलगी गणितं सोडवायची, मी वही घेऊन स्वयंपाकघरात जायचे, "आमटीला वाटण लावून येते" म्हणत डबा उघडायचे, उत्तरं ताडून बघायचे आणि लाल पेनाने खुणा करून बाहेर यायचे. चेहरा असा, जणू सगळं मनातल्या मनात सोडवलंय. चार-पाच दिवस उत्तम गेले. मग आलं नववं उदाहरण. ते मला आजही पाठ आहे: सात वजा, दोन गुणिले कंसात क्ष वजा तीन, बरोबर क्ष अधिक चार. मुलीचं उत्तर आलं तीन. चोपडीत होतं वजा एक. मी फुली मारली.

तिने पुन्हा केलं, पुन्हा तीन. मी पुन्हा फुली. तिसऱ्यांदा वही घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारात आली. "आई, बघ ना. मी ताळा पण केलाय. जुळतोय."

"ताळा जुळला म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही."

"मग कशाने ठरतं?"

"पुस्तकाने," मी म्हणाले. "पुस्तक चुकत नाही. तू धांदरटपणा करतेस."

तिने वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. गोगलगायीच्या वेळी माझ्याशी भांडलेली मुलगी ती. पण तेव्हा मी नुसती आई होते. आता हातात लाल पेन होतं. तिने खोडरबर घेतलं, तीन खोडलं आणि तिथे वजा एक लिहिलं. वरच्या ओळी तशाच राहू दिल्या. मी बरोबरची खूण केली. 'आळस कमी करावा' असंही लिहिलं.

पुढच्या आठवड्यात असं बऱ्याचदा झालं. आधी ती वाद घालायची, मग नुसती गप्प राहायला लागली. एक दिवस पहिली ओळ लिहायच्या आधीच तिने विचारलं, "उत्तर काय यायला हवंय ते आधी सांग ना." मला वाटलं, लबाडी शिकली. मी व्याख्यान दिलं. व्याख्यान ऐकताना ती पेन्सिलीचं टोक करत बसली होती.

शनिवारी कपाट उघडलं तेव्हा ती माझ्याबरोबर आली आणि कोड्यांचं ते बारकं पुस्तक निळ्या पट्टीच्या जागी ठेवून दिलं. दीड वर्षांनी. "झालं वाचून?" मी विचारलं. म्हणाली, "नाही. मला ते येतच नाही. बाबांना सांगितलंय, दहावीनंतर गणित नसेल तिकडे जाणार." मी पुस्तक परत आल्याची नोंद केली आणि मनात म्हटलं, बरं झालं, पुस्तक कपाटात दिसायला लागलं.

मे संपत आला. आमच्याकडे आगोटीची घाई सुरू झाली, म्हणजे पावसाळ्यापुरतं धान्य, मसाला, सुकी मासळी भरून ठेवायची. डबे रिकामे करायचे, घासून उन्हात घालायचे, मग नवा माल भरायचा. वालांचा डबा घासायला घेतला, चोपडी बाजूला काढली, उरलेले वाल सुपात ओतले आणि तळाचा तो कागद निघाला. गंजाने तपकिरी झालेला. टाकायला म्हणून चुरगाळणार, तर वर ठळक अक्षरं: शुद्धिपत्र. खाली, प्रकाशकाला झाल्या चुकीबद्दल खेद वगैरे. त्याखाली अकरा ओळी. चौथी ओळ अशी होती, की उदाहरण नऊ, 'वजा एक' ऐवजी 'तीन' असे वाचावे.

मी तिथेच ओल्या डब्याशेजारी बसले.

दारात गव्हाणची मावशी आलेली होती. दर आगोटीला सुके बोंबील आणि जवळा घेऊन ती यायची. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी, आणि जिभेला हाड नाही. तिने टोपली उतरवली. "काय गो वयनी, तोंडाव पानी नाय रायला तुज्या. कागुद कसला हाय? कोर्टाचा हाय का?"

"नाही गं मावशी, पुस्तकाचा आहे. पोरीची उत्तरं बरोबर होती. मी चूक म्हणून फुल्या मारल्या."

"मंग सांग तिला."

"असं कसं सांगू? आई आहे मी तिची."

मावशी टोपलीवरचं फडकं सोडत हसली. "नाय सांगनार तू. मना ठावं हाय. आमी बी नाय सांगत. पोर चुकला त आमी वराडतो, आन आमी चुकलो त गोडधोड करतो. आज शिरा करशील बग."

मला तिचा भयंकर राग आला. एवढी काही मी लेचीपेची नव्हते. शिरा मी अजिबात करणार नव्हते.

मी आंब्याचा शिरा केला.

दुपारी ताटलीत मूद पाडून मुलीपुढे ठेवली. ती शिऱ्याकडे संशयाने बघत राहिली. "बाबांची बदली झाली का?"

"नाही."

"कुणी येणारेय?"

"नाही गं. आंबे होते, म्हणून केला."

तिने दोन घास खाल्ले आणि अगदी सहज, चमच्याने कड सारखी करत म्हणाली, "उद्याची गणितं करून ठेवलीत. उत्तरांच्या जागा मोकळ्या ठेवल्यात. तू सांगितलीस की भरते."

मी तशीच उठले.

गेले, तो गंजका कागद आणला आणि ताटलीशेजारी ठेवला. तिने वाचला. बोट ठेवत ठेवत अकराही ओळी वाचल्या. मग उठली, वही आणली आणि एकेक उदाहरण ताडत बसली. माझ्या फुल्यांवर तिचं बोट थांबायचं, पुढे सरकायचं. अकरापैकी सात उत्तरं तिची बरोबर होती आणि सातही ठिकाणी मी तिला धांदरट ठरवलं होतं.

"नवव्याचा ताळा जुळत होता," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"हो."

"मी तुला दाखवला होता. तुला दिसलं नाही?"

इथे मला अजून एक पळवाट होती. पुस्तकावर विश्वास ठेवला म्हणता आलं असतं. पण सकाळी मावशीने माझी फजिती केली होती, तीच पुरे होती. "क्षच्या जागी तीन घालून बघतात, हेच मला माहीत नव्हतं," मी म्हणाले. "मला वाटायचं, तू शेवटी शोभेला दोन ओळी लिहितेस."

तिने वही मिटली. "म्हणजे तुला हे येत नाही?"

"नाही."

"आधी यायचं, आता विसरलीस?"

"कधीच येत नव्हतं. आम्हाला त्याच्याऐवजी शरीरशास्त्र होतं."

"मग तू तपासायचीस कशी?"

मी वालांच्या चोपडीकडे बोट दाखवलं. ती सुपाशेजारी पडली होती. तिने ती उचलली, पान उलटलं, हुंगली. मग एकेक पान चाळत गेली. तेवढ्या वेळात मी मंडळाची किल्ली, काकूपद, औटकी, सगळं मनातल्या मनात परत करून टाकलं.

"शरीरात हाडं किती असतात?" तिने एकदम विचारलं.

"दोनशे सहा."

"एवढंच येतं?"

"एवढंच."

तिला हसू आलं. आधी नाकातून, मग सगळंच. हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं आणि ते कशाचं होतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. डोळे पुसून तिने वहीचं कोरं पान काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं. "बस. नववं कर."

"आत्ता? डबे उन्हात आहेत."

"डबे कुठे जात नाहीत. आळस कमी करावा."

मी बसले. तिने कंस कसा सोडवायचा ते सांगितलं, मग मला एकटीला करायला लावलं. वजा दोन आणि वजा तीन यांचा गुणाकार मी वजा सहा लिहिला. वजाला वजाने गुणलं तर जास्तच वजा होणार, नाही का? घरात दोन कटकटी एकत्र आल्या की त्यांचं सुख झालंय, असं कुठल्या संसारात पाहिलंय कुणी? पुढचं सगळं नीट केलं आणि उत्तर आलं वजा एक.

"बघ!" मी ओरडलेच. "पुस्तकातलंच आलं! पुस्तक बरोबर होतं!"

मुलीने माझ्या ओळी वाचल्या. "छापणाऱ्यानेही हेच केलं असणार," ती म्हणाली. "त्यालाही शरीरशास्त्र असेल. आता ताळा कर."

तिने हात धरून करून घेतला. डावीकडे आले पंधरा, उजवीकडे तीन.

"पंधरा आणि तीन सारखे असतात का?"

"नाही."

"मग पुस्तक बरोबर की ताळा बरोबर?"

मी त्या दोन आकड्यांवर बोट ठेवून पाहिलं. चाळिशी गाठलेली बाई मी, आणि मला पहिल्यांदा कळत होतं की उत्तर बरोबर आहे का, हे विचारायला डब्यापर्यंत जावं लागत नाही. "ताळा," मी म्हणाले. तिने माझंच लाल पेन उचललं आणि माझ्या उत्तरावर अशी काही फुली मारली, की खालच्या पानावर उमटली.

"पुन्हा," ती म्हणाली आणि शिऱ्याची ताटली जवळ ओढून घेतली.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघींनी ओल्या फडक्याने कपाटातल्या पट्ट्या काढल्या. खळ चांगली बसली होती. रंग निघाले, डाग राहिले. मुलीने गोगलगायीचं पुस्तक उचललं आणि वहीत नोंद न करताच पिशवीत टाकलं. मला तिने आगपेटीच्या काड्यांचं पुस्तक काढून दिलं. वहीत वयाचा रकाना होता. तिथे तिने माझं खरं वय लिहिलं. मंडळात ते मी तोवर कुणाला कळू दिलं नव्हतं, हा त्या प्रकरणातला माझा सगळ्यात मोठा तोटा.

आणि ती चोपडी? शुद्धिपत्रातल्या अकराही दुरुस्त्या मुलीने त्यात शाईने केल्या. मग घासून वाळवलेल्या डब्याच्या तळाशी चोपडी ठेवली, वर मावेल तेवढे नवे वाल ओतले, झाकण लावलं आणि वरून सुतळी बांधली. क्षचं प्रकरण पूर्ण सोडवल्याशिवाय मी डबा उघडायचा नाही, असं ठरलं. प्रकरणात चाळीस उदाहरणं होती.

जुलै लागला. एका रविवारी जेवताना नवऱ्याने ताटात नजर फिरवली. "काय गं, यंदा एकदाही वालाचं बिरडं झालं नाही. वाल भरले होते ना?"

मी भातावर आमटी वाढून घेतली. मुलीने आमटीच्या वाटीला टेकलेल्या पुस्तकातून डोकं वर न काढता सांगितलं, "आईचा गृहपाठ राहिलाय."